ताई, तो बिघाड नव्हता

प्रिय ताई,

तू लॅब सोडलीस त्या धावपळीत आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांसमोर मानते.

सोन्याच्या पृष्ठभागावर थायॉलचे (एका टोकाला गंधक असलेल्या कार्बनच्या साखळ्यांचे) रेणू आपले आपण दाटीवाटीने कसे उभे राहतात, ते मला वाढ चालू असतानाच पाहायचं होतं. 1064 नॅनोमीटरचा लेसर आत, निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे 532 चा हिरवा प्रकाश बाहेर. द्रावणात आणि सोन्याच्या पोटात सममितीमुळे हा हिरवा प्रकाश जवळपास तयारच होत नाही, तो येतो पृष्ठभागावरून. दोन-अडीच नॅनोमीटरची फिल्म दिसते ती त्यामुळेच.

पण द्रावणात थायॉल सोडलं की माझा हा हिरवा सिग्नल घसरायचा. बीम हलतोय असं समजून मी तीन आठवडे आरसे जुळवत बसले, रडकुंडीला आले.

तू आलीस आणि आरशांना हातच लावू दिला नाहीस. "आधी पॉवर निम्मी कर." सिग्नल बरोबर एक चतुर्थांश झाला. म्हणजे मोजत होतो तो खराच दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा तो हिरवा प्रकाश) होता, फिल्टरमधून गळालेला लेसर नव्हे. मग बीमचा एक फाटा काढून तू त्यात क्वार्ट्झचा तुकडा बसवलास, थायॉलपासून लांब, तुलनेसाठी. त्याची रेघ सपाट, सोन्याची खाली चाललेली. "लेसर ठीक आहे गं, सोनं बदलतंय." गंधक सोन्याला चिकटलं की पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन बांधले जातात, म्हणून सिग्नल उतरतो. ती घसरण हीच फिल्मची वाढ होती!

सोन्याचीही रेघ सपाट झाल्यावर मी प्रयोग थांबवणार होते, तेव्हाही तूच अडवलंस. रेणू चिकटतात भराभर, पण त्यांच्या साखळ्या सरळ व्हायला कितीतरी तास लागतात. सम-फ्रिक्वेन्सीच्या (दोन लेसरच्या वारंवारतांची बेरीज होऊन येणाऱ्या प्रकाशाच्या) वर्णपटात 2850 cm⁻¹ च्या आसपासचं, साखळीतल्या वाकड्या दुव्यांचं शिखर हळूहळू बसत गेलं, टोकाच्या मिथाइल गटाचं (CH₃) तेवढं उरलं. त्या रात्री तू घरी गेली नाहीस. मला त्या शिखराइतकीच तुझी शेजारची खुर्ची आठवते.

तो क्वार्ट्झचा तुकडा अजून त्याच होल्डरमध्ये आहे. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना पॉवर निम्मी करायला लावते, आणि हे कुणी शिकवलं तेही सांगते.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची धाकटी