‘एक्स्क्विझिट’ म्हणजे नुसते ‘अतिशय सुंदर’ नव्हे

महोदय,

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवणाऱ्या सदरांची कात्रणे विद्यार्थी वहीत चिकटवून ठेवतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तर पाठच करतात. त्यामुळे त्यांत शब्दासमोर एकच मराठी अर्थ छापला की नुकसान कसे होते, हे सांगण्यासाठी हे पत्र. उदाहरण म्हणून ‘एक्स्क्विझिट’ (exquisite) हे विशेषण घेतो. समोर ‘अतिशय सुंदर’ असा अर्थ दिसला की मुले ‘एक्स्क्विझिट रायगड’, ‘एक्स्क्विझिट पाऊस’ असे लिहितात. वाक्याचे व्याकरण बरोबर असते, म्हणून तपासणारेही पुष्कळदा ते तसेच सोडून देतात.

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे. त्यापासून झालेले विशेषण, ‘शोधून काढलेले’. क्वेश्चन, रिक्वायर, इन्क्वायरी ही सगळी याच घरची मंडळी. इंग्रजीत तो 15व्या शतकात आला तेव्हा काळजीपूर्वक निवडलेले, बारकाईने केलेले असाच त्याचा अर्थ होता. आपला ‘वेचक’ शब्द या मुळाशी फार जवळचा आहे. आजच्या वापरासाठी मात्र नाजूक, सुबक, रेखीव, घडीव हे चार शब्द एकत्र डोळ्यांसमोर आणावेत. ज्या सौंदर्यात बारकावा आणि कसब नाही, तिथे हा शब्द शोभत नाही.

वापरण्यापूर्वी एक कसोटी लावून पाहावी: वस्तूच्या जवळ गेल्यावर तिचे सौंदर्य वाढते का? कास पठारावर सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा दूरवर पसरलेला दिसतो, त्याला ‘स्पेक्टॅक्युलर’ म्हणावे. त्यातलेच एक इवलेसे फूल भिंगाखाली धरले, तर ते एक्स्क्विझिट. कोकणकडा ‘मॅजेस्टिक’ किंवा ‘ऑसम’. सावंतवाडीच्या गंजिफा या पारंपरिक पत्त्यांवरचे हाताने रंगवलेले चित्र एक्स्क्विझिट. झणझणीत मिसळीला हा शब्द लावू नये. तलम, हलक्या चवीच्या पदार्थाला चालतो.

पैठणीच्या बाबतीत आणखी एक चूक नेहमी आढळते. ‘एक्स्क्विझिट एम्ब्रॉयडरी’ असे तिच्या पदराचे वर्णन केले जाते. विशेषण योग्य, नाम चुकलेले. पदरावरचे मोर आणि मुनिया भरतकामाचे नसतात. रंगीत धागे एकमेकांत अडकवत ते मागावरच विणले जातात, म्हणून अस्सल पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. इथे ‘एक्स्क्विझिटली वोव्हन’ म्हणावे. या शब्दाचे क्रियाविशेषण कार्व्ह्ड, क्राफ्टेड, डिटेल्ड यांसारख्या शब्दांच्या आधी चपखल बसते आणि नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करणे सोपे जाते.

दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडेही तो जातो. ‘एक्स्क्विझिट टेस्ट’ म्हणजे उत्तम जाण असलेली अभिरुची, ‘एक्स्क्विझिट मॅनर्स’ म्हणजे अत्यंत अदबशीर वागणे, ‘एक्स्क्विझिट टायमिंग’ म्हणजे अचूक साधलेली वेळ. नोकरीच्या अर्जात मात्र ‘एक्स्क्विझिट एक्स्पीरियन्स’ लिहू नये. दांडगा अनुभव सांगायचा असेल तर ‘एक्स्टेन्सिव्ह’ हवे.

वेदनेलाही हाच शब्द लागतो, हे तर सदरांत जवळजवळ कधीच येत नाही. तीव्र, टोकदार, जराही बोथट नसलेली कळ म्हणजे ‘एक्स्क्विझिट पेन’. रुग्णाच्या कागदपत्रांत ‘एक्स्क्विझिट टेंडरनेस’ लिहिलेले असते, तेव्हा त्या जागी नुसता हात लागला तरी असह्य दुखते असा अर्थ असतो. गाऊटने (एक प्रकारच्या संधिवाताने) सुजलेल्या सांध्याचे वर्णन असेच करतात. ‘अतिशय सुंदर’ एवढेच पाठ केलेल्या नातेवाइकाला त्या ओळीतून काहीही कळणार नाही. बारीक आणि तीव्र हे दोन्ही धागे शब्दात आहेत, आणि दोन्ही शिकवायला हवेत.

उच्चारात तीन ठिकाणी गडबड होते. स्पेलिंग पाहून शेवट ‘साइट’ असा केला जातो. तो ‘व्हिझिट’च्या शेवटासारखा आहे. त्यातला झ हा ‘जीभ’मधल्या ज च्या जवळचा नसून ‘जोर’मधल्या ज च्या जवळचा, आणि तोही जीभ दातांमागे न टेकवता. दुसरे, ‘एक्झाम’च्या सवयीने सुरुवातीला ‘एग्झ’ येते. तिथे एक्स या अक्षरानंतर आघात (उच्चारातला जोर) असलेला स्वर आहे, म्हणून ‘ग्झ’. इथे पुढे क्यू हे व्यंजन आहे, म्हणून ‘क्स’च राहतो. तिसरा मुद्दा आघाताचा. जुन्या वळणात तो शब्दाच्या पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असे, आता ‘क्वि’वर जास्त ऐकू येतो. दोन्ही मान्य आहेत, पण एकच निवडून तो पक्का करावा. कोशात आघाताच्या अवयवाआधी वर छोटी उभी रेघ असते, ती पाहायला मुलांना सांगावे. स्पेलिंगमध्ये ‘एक्सलंट’च्या वळणाने एक्सनंतर सी घुसतो, तो घालू नये. आर्टिकल अर्थातच ‘ॲन’.

‘व्हेरी’ लावणे टाळावे. शब्दातच टोकाचा भाव आहे, त्यामुळे ‘व्हेरी’ने तो उलट पातळ होतो. जोर द्यायचाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘ट्रूली’. शिवाय हा भारदस्त शब्द आहे. मैत्रिणीच्या रोजच्या कुर्त्याला ‘लव्हली’ पुरे. एका निबंधात तो एकदा आला तर उठून दिसतो, तीनदा आला तर उसना वाटतो.

सदराला जागा थोडी असते, याची कल्पना आहे. म्हणून सुचवतो: रोज पाच शब्दांऐवजी दोनच द्यावेत. प्रत्येकासोबत तो ज्यांच्याबरोबर येतो अशी तीन नामे, जिथे चालत नाही असे एक उदाहरण आणि आघात दाखवणारा उच्चार छापावा. एवढे सारे चार ओळींत मावते.

– इंग्रजीचे काही शिक्षक