खारबांधांची नोंद भरावाआधी व्हावी

माननीय संपादक,

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, ऐरोली-घणसोलीपासून दिवाळे-बेलापूरपर्यंत, खाडीचे पाणी अडवून शेती करण्यासाठी घातलेल्या जुन्या खारबांधांचे जे काही तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यांकडे निव्वळ मातीचे उंचवटे म्हणून पाहिले जाते आणि भराव पडला की ते कोणाच्याही लक्षात न येता नाहीसे होतात. वास्तविक, येथील आगरी-कोळी समाजाने जमीन कशी मिळवली आणि वाटून घेतली याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

बाहेरच्या बांधाने भरतीचे खारे पाणी अडवायचे, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पावसाचे पाणी सोडायचे आणि आतल्या लहान बांधांनी ज्याचे त्याचे भातखाचर वेगळे करायचे, अशी ही रचना होती. शिलोत्री वहिवाटीत बांध घालून जमीन उठवणाऱ्याला तिच्यावर खास हक्क मिळत आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारीही त्याच्याकडे राही. मात्र त्या बांधाला एकदा खांड गेली की आतली सारीच शेते खारावत असल्यामुळे दुरुस्तीला सर्वांनाच उतरावे लागे. एखाद्या किल्ल्याच्या बुरुजापेक्षा या व्यवस्थेचे मोल मला कमी वाटत नाही.

सीमा नीट नोंदवण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्यातच सापडला; त्यात दान दिलेल्या गावाच्या सीमा दिशावार सांगितल्या आहेत आणि त्यासाठी शेजारची गावे व नदी यांचा आधार घेतला आहे. दानभूमीला धक्का लावणाऱ्यास शिवी देणारे गधेगळ, म्हणजे कोरीव दगड, कोकणात अनेक ठिकाणी आढळतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर शिवेवर वड, पिंपळ, पळस लावावेत, शिवाय कोळसा, राख, विटा, खडे जमिनीत पुरून ठेवावेत, म्हणजे वरच्या खुणा मिटल्या तरी पुरावा राहील, असे सांगितले आहे. इंग्लंडमधील डार्टमूर पठारावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दगडमातीचे सीमाबांध मैलोन्मैल पसरलेले आहेत आणि पुरातत्त्वज्ञांनी त्यांची पद्धतशीर नोंद केली आहे.

नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या; त्यांतील गावठाणे राहिली, शेतांची आखणी मात्र जवळजवळ पुसली गेली. म्हणून राज्य पुरातत्त्व विभाग, खारभूमी विभाग, सिडको आणि महापालिका यांनी जुने मोजणी नकाशे हाती घेऊन, गावांतील वयस्कर शेतकऱ्यांना बरोबर नेऊन, उरलेले बांध आणि उघाड्या नकाशावर नोंदवाव्यात आणि त्याआधी तेथे भरावास परवानगी देऊ नये, अशी विनंती आहे. सीमेचे वाद ज्येष्ठात, खुणा स्पष्ट दिसत असताना सोडवावेत, असा मनुस्मृतीचाच दंडक आहे. ही पाहणीही पाऊस लागण्यापूर्वी, गवत वाळलेले असतानाच करावी.

आपला,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई