रेल्वे गेटवर दुसऱ्या गाडीचे भान ठेवावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरज-लोंढा लोहमार्गाच्या दुहेरीकरणामुळे आपल्या भागातील रेल्वे गेटांवरचा धोका बदलला आहे, पण गेटवर थांबणाऱ्यांची सवय मात्र अजून एकेरी मार्गाच्या काळातलीच आहे, याकडे या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो. एक गाडी गेली की मार्ग मोकळा झाला, हा समज लोकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. जेथे दोन रूळ झाले आहेत तेथे एका रुळावरून मालगाडी जात असताना दुसऱ्या रुळावर समोरून येणारी गाडी तिच्या डब्यांआड पूर्ण झाकली जाते आणि तिचा आवाजही त्या खडखडाटात ऐकू येत नाही. शेवटचा डबा पुढे सरकताच दांडीखालून दुचाकी वाकवून घालणाऱ्याला ती दिसते तेव्हा मागे फिरण्यास वेळ उरलेला नसतो. विजेवर चालणारी इंजिने डिझेल इंजिनांहून कमी आवाज करतात, त्यामुळे कानांवर विसंबणेही आता धोक्याचे आहे. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी आणि ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत या मार्गावर धावत आहे. अशा वेगवान गाडीच्या चालकाने माणूस दिसताक्षणी ब्रेक लावला, तरी गाडी थांबेपर्यंत कित्येकशे मीटर पुढे गेलेली असते.

बेळगाव शहरातील टिळकवाडीच्या गेटांवर शाळा-महाविद्यालये सुटण्याच्या वेळी ताटकळावे लागते आणि त्याचा त्रास खरा आहे. परंतु सिग्नलशी जोडलेल्या गेटवर दांडी पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दांडी खाली येत असताना आणखी चार-पाच वाहने घुसली की गेटमनला ती बंद करता येत नाही, गाडी सिग्नलपाशी अडते आणि सर्वांचेच ताटकळणे अधिक लांबते. तेव्हा गेटमनशी हुज्जत घालण्यात काहीच हशील नाही. बंद गेट उघडणाऱ्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६० नुसार तीन वर्षांपर्यंत, तर गेट मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

उगार, कुडची, रायबाग या पट्ट्यात गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रूळ ओलांडतात, त्यांची काळजी मला अधिक वाटते. पलीकडे ट्रॅक्टरसह दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा रिकामी दिसल्याशिवाय चालकाने चाक रुळावर घालू नये. ट्रॉली अडकलीच, तर ती ओढत बसण्याआधी माणसांनी खाली उतरून दूर व्हावे आणि तत्काळ गेटमनला गाठावे. त्याच्याकडे स्टेशनशी जोडलेला फोन, लाल झेंडा आणि गाडीला इशारा देणारे फटाके असतात. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर तारांतून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि त्यासाठीच गेटच्या दोन्ही बाजूंना ४.६७ मीटर उंचीची लोखंडी कमान असते. ऊस वा कडबा त्या कमानीला लागेल इतका रचू नये, आणि भाऱ्यावर माणसांना, विशेषतः मुलांना, मुळीच बसवू नये.

उड्डाणपुलांची मागणी रास्तच आहे, पण पूल होईपर्यंत वर्षे जातात. तोवर रेल्वे प्रशासनाने प्रत्येक दुहेरी मार्गाच्या गेटवर ‘दुसरी गाडी येत असू शकते’ असा ठळक फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा, कारण खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील अनेक गावांत वयस्कर माणसे मराठीच वाचतात. साखर कारखान्यांनीही हंगामाची तोडणी सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टरचालक व टोळ्यांच्या मुकादमांना गेटवर नेऊन, तेथील गेटमनच्या उपस्थितीत, वरील गोष्टी प्रत्यक्ष समजावून द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)