विषय: रायफलची .३०८ ची तयार नळी: आटे चुकीचे, पीळ चुकीचा, आणि गेजऐवजी जिवंत काडतूस वापरण्याचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन आणि ग्राहक सेवा

आज दुपारच्या फोननंतर तुमच्या कॉल सेंटरशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. टेनन, शोल्डर आणि हेडस्पेस म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही, अशा माणसाच्या टेबलावर हे पत्र जावं. तुमच्या कंपनीत असा कोणीतरी असेलच. नळ्या आपोआप तर बनत नाहीत.

मागवलं होतं ते असं: सॅव्हेज ११० रायफलसाठी बॅरल-नटवाली (रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागाला, नटाने आवळायची) तयार नळी, स्मॉल शँक (रिसीव्हरमध्ये जाणारं आट्यांचं टोक, म्हणजे टेनन, बारीक असलेली), .३०८ विंचेस्टर, लांबी २२ इंच, स्पोर्टर जाडी, क्रोम-मॉली पोलाद, पीळ दहा इंचाला एक, म्हणजे आतल्या मळसूत्री खाचांचा (रायफलिंगचा) दहा इंचांत एक पूर्ण फेरा. जुन्या नळीचं चेंबरपुढचं (काडतूस बसतं त्या पोकळीपुढचं) रायफलिंग झिजलंय, तिथलं पोलाद भेगाळलंय. शिकारीच्या रायफलला स्पर्धेची नळी लागत नाही, म्हणून मुद्दाम परवडणारी निवडली. त्यात काही गैर नाही. १९५८ पासून ही रायफल नटाच्या जोडणीमुळेच ओळखली जाते. नळी बदलायला लेथ लागत नाही, योग्य गेज, पाना आणि डोकं ठिकाणावर असलं की पुरतं.

पहिली नळी आली ती लार्ज शँक. स्मॉल शँकचा आटा १.०५५ इंचाचा, लार्जचा १.१२० इंचाचा, आणि दोन्हींत इंचाला २० च आटे. त्यामुळे नुसतं पिच गेज लावलं तर दोन्ही बरोबरच दिसतात. व्यासावर व्हर्नियर धरल्याशिवाय फरक कळत नाही, आणि तो तुमच्या पॅकिंग विभागात कोणी धरलेला दिसत नाही. ६५ थाऊंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) फरक आहे हा. मेलला उत्तर काय आलं, तर “आटे नवीन असल्याने घट्ट वाटू शकतात, थोडे तेल लावून पाहावे.” ६५ थाऊ जाड नळी रिसीव्हरमध्ये तेलाने जाणार असेल तर तुमच्या कारखान्यातले लेथ विकून टाका आणि तेलाची टाकी बसवा.

ही चूक होते कारण तुमच्या पानावर फक्त “सॅव्हेजला बसते” एवढंच लिहिलंय. कुठल्या सॅव्हेजला? नेहमीच्या शिकारी ॲक्शनना (रिसीव्हर-बोल्टच्या जोडणीला) स्मॉल शँक, काही मॅग्नम आणि टार्गेट ॲक्शनना लार्ज. ऑर्डर करताना हा पर्याय विचारलाच जात नाही. शेरा लिहायच्या चौकटीत मी तो स्वतःहून लिहिला होता. ती चौकट कोणी वाचतं का?

त्याच पानावर एकाच रिसीव्हरसाठी .२२३, .३०८ आणि ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम असे तिन्ही पर्याय एका यादीत आहेत, खाली इशाऱ्याची ओळसुद्धा नाही. .२२३ ला बोल्टचं तोंड (काडतुसाचं बूड बसतं ती जागा) .३७८ इंचाचं लागतं, .३०८ ला .४७३, मॅग्नमला .५३२. शिवाय ती मॅग्नम शॉर्ट ॲक्शनमध्ये मावत नाही. .२४३, ७ मिमी-०८, ६.५ क्रीडमूर आणि .३०८ ही एका तोंडाची काडतुसं. त्यांच्यात अदलाबदल नुसत्या नळीवर होते, बाकीच्यांना बोल्ट हेड बदलावं लागतं. स्वस्त म्हणून नळी घ्यायची आणि मग बोल्ट हेड, मॅगझिन असं एकेक शोधत बसायचं, हा कुठला व्यवहार?

बदली नळी आली तिचे आटे बरोबर होते. पीळ मात्र डब्यावरच्या स्टिकरवर दहा आणि नळीत बारा. तुमच्याकडे मोजायची पद्धत नसेल तर सांगतो: मुठीत बेअरिंग असलेली साफसफाईची सळई, तिच्यावर घट्ट बसणारी चिंधी, सळईवर वरच्या बाजूला एक खूण. सळई सावकाश आत ढकलत जायचं, खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की सळई किती आत गेली ते मोजायचं. बारा इंच. शिशाच्या १५० ग्रेनच्या गोळीला बाराचा पीळ चालतो. पण मी दहाचा मागवला तो निव्वळ तांब्याच्या १८० ग्रेन गोळीसाठी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. बारा इंचाच्या पिळात ती हवेत नीट सरळ राहीलच असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. जनावरावर झाडायच्या गोळीबाबत “बहुतेक राहील” एवढ्यावर भागत नाही.

तोंडाकडचं, म्हणजे क्राउनचं, काम तर बघवत नाही. कानाची कापसाची काडी आतून बाहेर कडेवरून फिरवली की एकाच ठिकाणी कापसाचे तंतू अडकून राहतात. भिंगातून पाहिलं तर एका लँडच्या (दोन खाचांमधल्या उंचवट्याच्या) टोकाला धातूचा बारीक कंगोरा उभा आहे. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी वायू सगळीकडून सारखा निसटायला हवा. एका बाजूला कंगोरा असला की तो तिरका निसटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. क्राउनिंग कटरचा एक हलका हात फिरवला असता तर हे उरलं नसतं.

आता आजच्या फोनकडे येतो.

प्रश्न एकच विचारला होता. सूचनापत्रात हेडस्पेसबद्दल एक अक्षर नाही, तर नळी बसवताना ते कशावर लावायचं असं तुम्ही सांगता? उत्तर आलं: “सर, आमच्या सगळ्या नळ्या हेडस्पेस करूनच येतात.” नटवाल्या नळीला! हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या शोल्डरपर्यंतचं अंतर. बोल्ट माझ्या रायफलमध्ये, नळी तुमच्या डब्यात. दोघांची गाठ पडायच्या आधीच तुम्ही अंतर ठरवून मोकळे झालात. नट असतो तोच मुळी हे अंतर जोडताना ठरवता यावं म्हणून. हे सांगितल्यावर पलीकडून की-बोर्डचा आवाज आला, मग “एक मिनिट सर, सीनियरना विचारतो”, मग होल्डवरची सनई. बऱ्याच वेळाने परत आले ते तोडगा घेऊनच:

“सर, एक काडतूस चेंबरमध्ये घाला, बोल्ट बंद करा, नळी टेकेपर्यंत फिरवा आणि नट आवळून टाका.”

“जिवंत काडतूस?”

“हो सर. पण कंपनीचंच घ्या, रीलोड केलेलं नको.”

एवढी काळजी मात्र घेतली! मग विचारलं, तुमच्याच दुकानात गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस फार कमी किंवा फार जास्त नाही ना हे तपासायची मापं) विकायला आहेत ते कशाला? “ते प्रोफेशनल लोकांसाठी असतात सर.” आणि लगेच जोडून, आवाजात तो खास समजूतदारपणा आणून: “सर, तुम्ही याआधी रायफल हाताळली आहे का?”

फोन तिथेच ठेवला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणता, तर एकदा सीनियरसकट बसून ऐका.

या सल्ल्यात काय चुकलं ते आकड्यांत सांगतो. .३०८ चं गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. म्हणजे काम बसवायला हातात चार थाऊ. आणि कारखान्यातल्या काडतुसाला त्याच मापात १.६२७ ते १.६३४ अशी सूट असते, म्हणजे सात थाऊ. ज्या मोजपट्टीतच सात थाऊ इकडेतिकडे आहेत तिने चार थाऊंचं काम मोजायचं, हे तुमच्या सीनियरना सुचलं. काडतूस आखूड निघालं तर चेंबर आखूड बसणार, पुढच्या डब्यातलं काडतूस आत जाईल पण बोल्टचा दांडा खाली यायचा नाही. लांब निघालं तर चेंबर लांब बसणार, आणि आखूड काडतूस त्यात झाडताना दर वेळी ताणलं जाणार. .३०८ ला दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. ताणलेल्या पितळेवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं, आणि ते दुर्लक्षिलं तर एक दिवस बूड तिथूनच तुटतं आणि वायू मागे येतो. हे तर पुढचं. त्याआधी, नळी व्हाइसमध्ये, नटावर पाना, चेंबरमध्ये जिवंत काडतूस आणि बोल्ट बंद, या अवस्थेत तुम्ही ग्राहकाला जोर लावायला सांगताय.

सूचनापत्रात काय हवं होतं? बोल्टमधून फायरिंग पिनची जुळणी, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढा, म्हणजे स्प्रिंगचा दाब हाताला फसवत नाही. आटे पुसून त्यांना अँटी-सीझ लावा. नळीवर आधी नट, मग रिकॉइल लग (झटका दस्त्यावर देणारा तुकडा), मग रिसीव्हर. लग नट आणि रिसीव्हरच्या मधेच बसतो, आणि तो बरोबर खालच्या बाजूला सरळ राहिला पाहिजे. गो गेज घालून बोल्ट पूर्ण बंद करा, नळी हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग तिथेच धरून नट आवळा. आवळताना आट्यांतली ढील निघते आणि नळी किंचित पुढे ओढली जाते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा तपासा: गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर होता कामा नये. नो-गो वर झाला तर सोडा आणि पुन्हा करा. अर्ध्या पानाचा मजकूर आहे. तुमच्या पत्रकावर अख्खं पान वॉरंटी कशी लागू होणार नाही याला दिलंय.

स्वस्त नळीत काय चालतं हे मला ठाऊक आहे. बाहेरून लेथच्या रेघा दिसल्या तरी चालतात. पॉलिश नको, पन्हाळी नकोत, स्टेनलेस नको. बटन रायफलिंगही चालतं, फक्त नंतर ताण काढायची उष्णता-प्रक्रिया केलेली असावी. नाहीतर नळी बाहेरून बारीक करताना बोअर तोंडाकडे मोकळा होत जातो आणि तापल्यावर गोळ्या एका बाजूला सरकायला लागतात. ती प्रक्रिया केली की नाही हे तुमच्या पानावर नाही, विचारल्यावर उत्तर “उच्च दर्जाची” असं आलं. चेंबर, क्राउन, आटे आणि खरे आकडे यांत मात्र काटकसर चालत नाही. त्यातले आकडे छापायला तर खर्चही येत नाही. स्मॉल शँक की लार्ज शँक, दोन शब्द आहेत हो.

आता मागणी. दहाच्या पिळाची, स्मॉल शँकची, क्राउन तपासलेली नळी, आणि पाठवण्याआधी पीळ व टेननचा व्यास मोजून लिहिलेला कागद, त्यावर मोजणाऱ्याची सही. ते जमत नसेल तर दोन्ही वेळच्या वाहतुकीसकट पूर्ण पैसे परत. “स्टोअर क्रेडिट” नको, तुमच्या दुकानातून आणखी काही घ्यायची हौस उरलेली नाही. आणि जिवंत काडतुसावर हेडस्पेस लावायचा सल्ला ज्यांना ज्यांना दिला गेला असेल त्या सगळ्यांना लेखी कळवा की तो चुकीचा होता. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर वकिलामार्फत नोटीस येईल, आणि तुम्हाला उत्पादन परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे या पत्राची प्रत जाईल. धमकी समजायची तर समजा. पैशांचं मी सोसलं असतं, या सल्ल्याने कोणाचा डोळा जाऊ शकतो.

वाईट याचं वाटतं, की नळी आतून पाहिली तर रायफलिंगचं काम वाईट नाही. बोअर साफ आहे, लँडच्या कडा सरळ आहेत. यंत्रावर बसणाऱ्या माणसाला त्याचं काम येतं. त्याच्यानंतर ज्या ज्या हातातून नळी गेली, तिथे माती झाली.

एक ग्राहक

सोबत: टेननवर लावलेल्या व्हर्नियरचा, सळईवरच्या खुणेचा आणि क्राउनचा फोटो; पावती; तेलाचा सल्ला देणारा मेल.

ता. क. नळीसोबत “मोफत” दिलेला पाना गुळगुळीत नटाचा आहे. डब्यातला नट खाचांचा आहे. नवीन नळी पाठवाल तेव्हा खाचांचा पाना पाठवा, नाहीतर पाठवूच नका. हा न्यायला नळीबरोबरच माणूस पाठवा.