आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र: छातीतल्या बॅटरीचा खर्च कोणी द्यायचा?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

ठाण्यात चरईला आमचं शिवणकामाचं दुकान आहे. माझ्या मिस्टरांचा उजवा हात थरथरायचा. मांडीवर ठेवला की शांत, कात्री उचलली की सुरू. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, बहुधा याच्या उलट होतं. यांच्या आजाराला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. कापडावर खडूने रेघ मारताना डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचे. गिऱ्हाइकं ‘सकाळीच घेतली का?’ विचारून मोकळी. दम्यामुळे प्रोप्रॅनोलॉल हे औषध चालेना, प्रिमिडोन या दुसऱ्या औषधाने दिवसभर गुंगी. शेवटी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजे मेंदूत तार बसवून करंट देण्याची शस्त्रक्रिया, करावी लागली.

हे काही नवं खूळ नाही. फ्रान्समध्ये डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली, अमेरिकेने १९९७ मध्ये थरथरीसाठी तिला मान्यता दिली. मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये बारीक तार, ती कातडीखालून कानामागून छातीपर्यंत, आणि तिथे बॅटरीचं यंत्र. ऑपरेशन चालू असताना यांना जागं ठेवून कागदावर वेटोळं काढायला लावलं. करंट देण्याआधीचं करवतीच्या दात्यांसारखं, नंतरचं सरळ, गुळगुळीत. तो कागद मी मागून घेतला.

पण आजार गेलेला नाही, दाबून ठेवलाय. साधी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत संपते, की थरथर परत. चार्ज होणारी जास्त टिकते, पण ती आम्हाला परवडली नाही. बदलायची म्हणजे पुन्हा छातीवर चीर आणि यंत्राचे पैसे लाखांत. ऑपरेशनला नातेवाईक धावून आले. दर चार-पाच वर्षांनी कोण येणार?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, आमची थरथर नाही. तो कायदा केंद्राचा, त्याचा बोल तुम्हाला लावत नाही. तुमच्या हातात आहे ते मागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डीबीएसची बॅटरी बदलणं ही स्वतंत्र बाब म्हणून स्पष्ट लिहा. दुसरं, करंट कमी-जास्त करायला चिरफाड लागत नाही, डॉक्टर बाहेरूनच करतात. तेवढ्यासाठी आम्ही दुकान बंद ठेवून परळ गाठतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका तरी सरकारी रुग्णालयात ठरावीक वारी ही सोय करा.

यांची बॅटरी येत्या दिवाळीपर्यंत पुरेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. लेखी उत्तर त्याआधी मिळावं.

आपली,
चरईतल्या एका शिंप्याची बायको, ठाणे