मा. आरोग्यमंत्री, माणूस चालतो म्हणून धडधाकट ठरत नाही

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी दिव्यांग बोर्डाने माझ्या नवऱ्याला 20 टक्के दिव्यांगत्व दिलं. सवलतींना 40 लागतात. डॉक्टरांनी यांना दारापर्यंत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, झाली तपासणी! मी म्हटलं, साहेब, हंटिंग्टन आहे, मेंदूचा आनुवंशिक आजार, हातापायांसोबत स्वभाव आणि विचारही बिघडतात, डोक्याचं बघा. तर म्हणे, सायकियाट्रीला जा. सायकियाट्रीत म्हणाले, हा न्यूरोचा पेशंट.

हे शाळेत गणित शिकवायचे. हात उडायला लागायच्या कितीतरी आधी स्वभाव फिरला. आवाज न चढवणारा माणूस मुख्याध्यापकांच्या अंगावर धावून गेला. नोकरी गेली, निदान मागाहून झालं. आता चहा हातात दिला तर साय धरेपर्यंत कप तसाच. प्या म्हटलं की पितात. बादली भरून वाहिली तरी नळ बंद करायचं सुचत नाही. गाव म्हणतं, आळस. सासूबाईंना हाच आजार होता. त्यांना देवऋषीकडे नेऊन मिरच्यांची धुरी दिली होती. तुमच्या बोर्डाने त्यापेक्षा वेगळं काय केलं?

हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींवर टेट्राबेनाझिन नावाची गोळी देतात. त्याच गोळीने नैराश्य वाढू शकतं, आणि या आजारात आत्महत्येचा धोका मुळातच जास्त. न्यूरो आणि मानसोपचार, दोघांनी मिळूनच बघायला हवं. आमच्या जिल्ह्यात ते एका खोलीत बसलेले मी अजून पाहिले नाहीत.

2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. मज्जासंस्थेचे दीर्घ आजार त्यात आहेत, मानसिक आजारही आहेत. ज्याला दोन्ही आहे त्याला मात्र दोन्हीकडून हाकललं जातं. या आजाराचं सदोष जनुक 1993 मध्येच सापडलं. आमच्या सरकारी दवाखान्यात ती बातमी अजून पोचायची आहे. फिती कापायला सगळे हजर, नव्या इमारतींवर तुमचे फोटो, आत मानसोपचाराच्या खोलीला कुलूप. आमच्यासारखी घरं थोडी, त्यांच्या मतांनी कुणाची खुर्ची हलत नाही, हे आम्हाला कळतं.

मुलगी 19 वर्षांची आहे. तिला हा आजार होण्याची शक्यता 50 टक्के. रक्त तपासायचं की नाही हे ती ठरवेल, पण त्याआधी तिच्याशी नीट बोलणारा समुपदेशक कुठे आहे ते सांगा.

फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. त्या दिवशी बोर्डावर मानसोपचारतज्ज्ञ बसवा, स्मरणशक्ती आणि निर्णयशक्तीची चाचणी घ्या, आणि यांना चालायला लावण्याआधी दहा मिनिटं मला विचारा, घरी काय होतं ते.

आपली,
एका माजी शिक्षकाची पत्नी