सूचना: काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची विक्री, येत्या शनिवारी

ह्यूस्टन रेंज गटातील सर्व सभासदांना नमस्कार,

नेमबाजीच्या सरावात गोळ्या झाडून वर्षभर साठलेल्या पितळी पुंगळ्या येत्या शनिवारी विकायच्या आहेत. सकाळी 10 वाजता रेंजच्या पार्किंगमध्ये आपापल्या बादल्या घेऊन या. पैसे गटाच्या खात्यात जमा होतील.

आणण्याआधी घरी एवढं करा:

- जिवंत किंवा न उडालेलं एकही काडतूस नको. प्रत्येक पुंगळी उलटी करून झटका, आत पाहा. एक जरी सापडलं तरी भंगारवाला सगळा माल परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच आहे.
- लोहचुंबक फिरवा. चिकटेल ते पोलाद, बाजूला काढा. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. ते रंगावरून आणि वजनावरून ओळखा.
- .22 रिमफायर थेट भंगारात. तिचं प्रायमर (काडतूस पेटवणारं मिश्रण) कडेतच असतं, त्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी नसते.
- 9 मिमी, .223, .308 या मापांच्या पुंगळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत. रीलोडिंग करणारे (पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे) भंगारापेक्षा जास्त भाव देतात, पण वर्गवारी केलेल्या मालालाच. तळाशी चिरलेल्या किंवा फुगलेल्या पुंगळ्या त्यांना देऊ नका, भंगारात टाका.

धुण्याची गरज नाही. मात्र हाताळल्यावर हात साबणाने धुवा, शिसं असतं. मुलांना निवडायला बसवू नका.

आणखी एक, सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी: पुंगळीची कीचेन सामानात ठेवू नका. रिकामी असली तरी विमानतळावर तासन्‌तास चौकशी होऊ शकते.

बादली उचलून न्यायला मदत हवी असेल तर शुक्रवारपर्यंत गटात कळवा.